तुलुमच्या गुहा आणि एक कडक प्रशिक्षिका

खानापूर तालुक्यातील माझ्या पिढीच्या अनेकांप्रमाणे मीही पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो आणि पुढे मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले. त्यामुळे आपली पाण्याची भीती गेली आहे, अशी माझी समजूत होती. मेक्सिकोतील तुलुम येथे पाण्याने भरलेल्या गुहांमधील डायव्हिंग शिकवणाऱ्या एका प्रशिक्षिकेने ही समजूत हीच माझी मुख्य अडचण असल्याचे पहिल्याच दिवशी सांगितले. बेळगाव-निपाणीकडील काही डायव्हर मित्रांनी या शिकवणीविषयी विचारल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिला संपूर्ण दिवस कोरड्या जमिनीवर गेला. झाडाझाडांतून दोरी ताणलेली, डोळ्यांवर पट्टी आणि अंगठा व तर्जनी यांच्या कड्यातून ती दोरी सरकू देत चालायचे. इतका खर्च करून दोरी धरून चालायला आलो की काय, असे वाटून मी वैतागलो होतो. परंतु गुहेत दिवे गेले किंवा गाळ उसळला, तर उघड्या पाण्यापर्यंत सलग गेलेली ती दोरी हीच परतीची वाट असते आणि तिच्यावरचे बाण जवळच्या बाहेरच्या तोंडाकडे वळलेले आहेत की नाहीत, हे अंधारात बोटांनीच चाचपून ओळखावे लागते. तळाला पाय लागला की पाणी गढूळ होते, हे विहिरीत पोहणाऱ्याला सांगावे लागत नाही. विहिरीत मात्र मान वर केली की आभाळ दिसते. गुहेत डोक्यावर खडक असतो. म्हणून तळाचा गाळ न उसळवता बेडकासारखे पाय मारण्याची सवय त्यांनी माझ्याकडून दोन दिवस घोटून घेतली.

हवेचा हिशेब हा त्यांच्या शिकवण्यातील सर्वांत भक्कम भाग. एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला भाग अडचणीसाठी, विशेषतः जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी. सिलिंडरमध्ये 200 बार (हवेच्या दाबाचे एकक) असतील, तर तिनाने सहज भाग जावा म्हणून 180 धरून 60 वापरायचे आणि 140 दिसताच मागे फिरायचे. फ्लोरिडाचे गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी अपघातांचा अभ्यास करून 1979 मध्ये मांडलेल्या नियमांपैकी हा एक. तेच एक्सली 1994 मध्ये मेक्सिकोतील साकातोन या पाण्याने भरलेल्या खोल विवरात खोलीच्या विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावले, हेही बाईंनी त्याच पाठात सांगितले. प्रत्येक नियमामागचा अपघात सांगितल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत.

पाचव्या दिवशी आम्ही गोडे आणि खारे पाणी जिथे एकमेकांवर थर धरून असते, त्या पट्ट्यात शिरलो. साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर जशा रेषा थरथरतात, तसे समोरचे सगळे थरथरू लागले. पुढे लोंबत्या चुनखडी खांबांचे दालन होते. समुद्राची पातळी खाली असलेल्या हिमयुगात ही गुहा कोरडी होती, तेव्हा थेंबाथेंबाने ते घडले. माझा श्वास वाढला होता, पण मी तो लपवीत होतो. बाईंनी बुडबुडे पाहिले आणि अंगठा वर केला. या खुणेचा अर्थ डाइव्ह संपली, आणि ती कोणीही, कोणत्याही कारणाने केली तरी तिच्यावर चर्चा होत नाही. काठावर आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “अंगठा तुम्ही का वर केला नाहीत?” मी गप्प राहिलो. खरे उत्तर प्रवासखर्च आणि लाज हे होते, आणि बहुधा ते त्यांना ठाऊक होते.

उणिवाही सांगायला हव्यात. साहित्याचे भाडे शुल्कात धरलेले नाही, हे तिथे गेल्यावर कळले. आधी विचारून घ्यावे. त्यांची टीका बोचरी असते आणि ती सर्वांसमोर होते. माझा जोडीदार एका संध्याकाळी जेवलाच नाही. गप्पा मात्र रंगत. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून 12 मुलांना व त्यांच्या प्रशिक्षकाला बाहेर काढल्याचा विषय निघाला, तेव्हा तिथे पंपांच्या मदतीला गेलेली किर्लोस्कर कंपनी म्हणजे बेळगावातील सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणरावांचा वारसा, हे मी अभिमानाने सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

आठव्या दिवशी पूर्ण प्रमाणपत्र मिळाले नाही. प्राथमिक पातळीचे दिले आणि उरलेल्या टप्प्याचे पैसे परत केले. पायांची सवय पक्की झाल्यावर या, असे म्हणाल्या. सध्या घरामागच्या काजूच्या झाडांना दोरी बांधून मी डोळे मिटून चालतो, आणि पुतण्या वाटेत मुद्दाम खुर्ची आणून ठेवतो.