पेट्रोल जनरेटर की इन्व्हर्टर-बॅटरी: नागपुरात घर किंवा दुकानासाठी काय घ्यावे?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की घरोघरी कूलर आणि एसी एकदम चालू होतात, डीपीवरचा (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार वाढतो, आणि त्यात वादळी पावसाने एखादी फांदी तारेवर आडवी झाली तर वस्तीचा पुरवठा कित्येक तास बंद राहतो. कूलरशिवाय तशी रात्र काढणे कठीण असल्यामुळे याच दिवसांत पर्यायी विजेची चौकशी सुरू होते आणि बहुतेकांची निवड दोन गोष्टींपाशी येऊन थांबते: पेट्रोलवर चालणारा सुटा जनरेटर, किंवा इन्व्हर्टर आणि बॅटरी. दुकानदार वॉट आणि किंमत सांगून मोकळा होतो. माझ्या मते मात्र पहिला प्रश्न जागेचा आहे, कारण जनरेटरचा धूर कुठे जाणार याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठी बाकीची तुलना निरर्थक ठरते.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आपल्याकडे ऊन लागल्यासारखीच वाटतात, त्यामुळे उन्हाळ्यात गफलत होण्याची शक्यता अधिक असते. एकाच घरातील सर्वांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला आणि बाहेर जनरेटर चालू असेल, तर कांद्याचा रस आणि पन्हे करत न बसता आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर फोन करावा. खिडकी उघडी ठेवल्याने किंवा पंखा लावल्याने हा धोका टळत नाही. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर आणि धुराचे तोंड दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला, असा सुरक्षिततेचा सर्वमान्य निकष आहे.

आता हा निकष जुन्या नागपुरातील इतवारी किंवा महाल भागातल्या गल्लीला लावून पाहावा. आपल्या भिंतीपासून २० फूट मोजायला गेलो तर बहुधा समोरच्याच्या खिडकीत पोहोचतो. मनीषनगरातील फ्लॅटची बाल्कनी, इमारतीचा डक्ट, जिन्याखालची जागा किंवा तळमजल्यावरचे पार्किंग, यांपैकी काहीही ‘बाहेर’ या सदरात मोडत नाही. अर्धवट बंद जागेतही हा वायू साचतो आणि वरच्या मजल्यांवर चढतो. वरातीच्या रोषणाईमागे हातगाडीवर धडधडणारा जनरेटर लोकांनी लहानपणापासून पाहिलेला असतो आणि त्याने कुणाला काही झाल्याचे ऐकिवात नसते, पण तो भर रस्त्यावर, चारही बाजूंनी उघड्या हवेत चालतो. तोच जनरेटर पावसाची सर आली म्हणून दुकानाच्या शटरआत ओढून घेणे जिवावर बेतू शकते. पावसापासून त्याला वरून छप्पर हवे, भिंती नकोत.

इन्व्हर्टरला धूर नाही, त्यामुळे फ्लॅट आणि दाट वस्तीतील घरांचा निकाल खरे तर येथेच लागतो. तरी तोही अगदी निरुपद्रवी नाही. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात ठेवू नये. अनेक घरांत ती जिन्याखाली, नेमकी देवघराला लागून ठेवलेली दिसते. बाजूला समई तेवत असते आणि वरून पडदाही ओढलेला असतो. ही जागा बदलावी. बॅटरीचा दुसरा शत्रू आपला उन्हाळा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते, म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीपेक्षा घरातील सावलीची, हवेशीर जागा बरी. डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात अधिक वेळा पाहावी आणि नळाचे पाणी कधीच घालू नये.

क्षमतेच्या बाबतीत मात्र जनरेटर पुढे आहे. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. तूट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरली तर हाती सुमारे ११०० ते १२०० लागतात. दोनशे वॉटचा एक कूलर, दोन पंखे, काही दिवे आणि वायफाय मिळून ४०० वॉटच्या आसपास जातात, म्हणजे ही बॅटरी तीनेक तास पुरते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा घ्यावा, कारण स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर गुणगुणते आणि तापते. २ केव्हीएचा जनरेटर टाकीत पेट्रोल असेपर्यंत याच्या कितीतरी पट भार ओढतो, पण १ एचपीचा पाण्याचा पंप सुरू होताना चालू असतानापेक्षा कित्येक पट विद्युतप्रवाह घेतो, त्यामुळे त्यालाही धाप लागू शकते. मोठी मोटर आधी, एकटीच सुरू करावी आणि बाकीची उपकरणे नंतर जोडावीत. फ्रिजसाठी घाई नको: दार उघडले नाही तर तो सुमारे चार तास थंडावा धरतो, तापलेल्या खोलीत काहीसा कमी.

चालवण्याच्या खर्चात तुलनाच होऊ शकत नाही. लहान जनरेटर १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण दीड ते दोन युनिट वीज देतो आणि नागपुरात पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे; हिशेब वाचकांनी महावितरणच्या बिलाशेजारी ठेवून पाहावा. शिवाय वापर नसतानाही जनरेटर लक्ष मागतो. महिनाभराहून अधिक काळ चालवायचा नसेल तर कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा करावा, नाहीतर इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते, आत चिकटा धरतो आणि ऐन गरजेच्या रात्री दोरी ओढून खांदा दुखतो.

पेट्रोलच्या साठ्याकडे लोक फारच हलकेपणाने पाहतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, आणि असे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नको. पाण्याची प्लास्टिकची बाटली यात बसत नाही. स्वयंपाकघराजवळ किंवा उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत पेट्रोल ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण. जनरेटरमध्ये इंधन भरताना इंजिन बंद करून ते निवेपर्यंत थांबावे, मेणबत्तीऐवजी टॉर्चचा उजेड वापरावा आणि टाकी काठोकाठ भरू नये, कारण उष्णतेने पेट्रोल फुगते.

सर्वांत गंभीर चूक जोडणीत होते. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घेऊन एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरे घरातल्या सॉकेटमध्ये खुपसण्याची युक्ती अजूनही सर्रास चालते. अशा वेळी मेन स्विच चालू राहिला तर वीज उलट्या दिशेने डीपीकडे जाते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढू शकतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या जनमित्राचा, म्हणजे लाइनमनचा, जीव जाऊ शकतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणारा) बसवून घेणे, योग्य अर्थिंग करणे आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावणे हा खर्च जनरेटरच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल तर उपकरणे जाड, अखंड एक्स्टेंशनने थेट जनरेटरलाच जोडावीत.

म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणि इतवारी-महालातील दुकानदारांनी जनरेटरचा विचार सोडून बॅटरीची क्षमता वाढवावी. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असेल तर वीज जाताच आपोआप चालू होणारा इन्व्हर्टर आणि जोडीला भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हवाच. बेसा, हुडकेश्वरकडे मोकळे अंगण असलेल्यांना, किंवा बोअरवेलच्या मोटरीशिवाय ज्यांचे पाणी अडते त्यांना, जनरेटर उपयोगी पडेल. त्यांनी झोपण्याच्या खोल्यांत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. काहीजण दोन्ही घेतात आणि जनरेटरवर बॅटरी भरून घेऊ असे म्हणतात, पण रिकामी बॅटरी भरायला दहाएक तास लागत असल्याने तो बेत महागात पडतो. त्यापेक्षा संध्याकाळी जनरेटरवर पाण्याची टाकी भरून घ्यावी, जड कामे उरकावीत, आणि झोपण्यापूर्वी तो बंद करून रात्र इन्व्हर्टरवर काढावी.