रॅलेच्या मूळ वाट्या गेल्या कुठे?

आमच्या आजोबांची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची रॅले सायकल. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं की बरोबर मधोमध अडकायचं. जुन्या सायकलींचं हे नेहमीचं दुखणं. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे दणके छर्ऱ्यांतून वाटीवर (हँडलखालच्या सांध्यात छर्रे ज्यात फिरतात ती कडी) त्याच त्या जागी बसतात आणि तिथे खळगे पडतात. खालची वाटी आधी जाते.

पुण्यातल्या एका 'विंटेज स्पेशालिस्ट'ने इंग्लंडहून मागवलेला वाट्या-छर्ऱ्यांचा संच बसवतो म्हणून साडेचार हजार घेतले. "साहेब, ओरिजिनल टाकलाय, फिरवून बघा." फिरवलं, लोण्यासारखं फिरलं.

थोड्याच दिवसांत हँडल जड झालं, हळू चालवताना सायकल भेलकांडायला लागली. पुढे ब्रेक दाबला की खट्‌खट. दुसऱ्या, म्हाताऱ्या मिस्त्रींनी उघडून दाखवलं. खालची वाटी तीच, खळग्यांसकट. वर घट्ट ग्रीस थापून ते झाकलेले. छर्रे तेवढे नवे, म्हणजे किरकोळ पैशांचा माल. आणि वरची आट्यांची वाटी व लॉक नट साफ बदललेले, बाजारातले देशी.

खरी चोरी इथे आहे. त्या काळच्या रॅलेच्या चिमट्याच्या (पुढचं चाक धरणारा भाग) नळीवर इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेक सायकलींना २४. म्हणून रॅलेची वाटी आणि नट सहज मिळत नाहीत, आणि हौशी लोक त्यासाठी चांगले पैसे मोजतात. याने आमचे काढून घेतले आणि २४ आट्यांचे पाना लावून रेटून बसवले. नळीचे आटे खाल्ले गेले ते वेगळंच.

नट हाताने खालपर्यंत उतरला पाहिजे. एकदोन फेऱ्यांतच आवळला तर आटे जुळत नाहीत. तिथेच हात धरा, पाना लावू देऊ नका. आटे न मोजता भाव सांगणाऱ्याकडे तर सायकल सोडूच नका. देताना हँडलखालच्या भागाचे जवळून फोटो काढा, आणि काढलेले भाग हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

नळीचे आटे पुन्हा पाडायला लेथवाल्याकडे २६ची डाय नाही. तो 'स्पेशालिस्ट' म्हणतो, जुना माल भंगारात गेला. (भंगारात!) जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय, पण पावतीवर त्याने 'हँडल काम' एवढंच खरडलंय. तुम्ही कोणता भाग, कुठल्या बनावटीचा, हे नावानिशी लिहून घ्या.