रापाला एक्स-रॅप मॅग्नम: आधी १५, मग २०

सुरमईच्या ट्रोलिंगसाठी (चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे धरायला) कुठला लुअर, म्हणजे नकली मासा, घेऊ, असं देवगड-मालवण पट्ट्यात कुणालाही विचारा, रापाला कंपनीचा 'मॅग्नम २०' हेच उत्तर मिळतं. उत्तर अर्धं बरोबर आहे. डिसेंबरात २० चालतो, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोच लुअर दिवसभर रिकामा फिरतो आणि दोष रंगाला दिला जातो.

लुअरवरचा नंबर म्हणजे फुटातली खोली. १५ नंबर १२ सेंमीचा, साडेचार मीटर जाणारा. २० नंबर १४ सेंमीचा, सहा मीटर, म्हणजे तीन वावांहून थोडा जास्त. ३० नंबर नऊ मीटर उतरतो.

आता ऑक्टोबरचं गणित. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोल समुद्रातलं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळाने आत सरकतं. वर नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरलेलं असल्यामुळे दोन्ही थर मिसळत नाहीत. गोव्यात कांदोळीसमोर २७ मीटर पाण्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घेतलेल्या नोंदींत सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू जवळपास संपलेला दिसतो. मालवणचं पाणी तिथून फार लांब नाही. अशा वेळी पेडवे (तारलीसारखे लहान मासे) आणि बांगडा वरच्या थरात कोंडल्यासारखे राहतात, सुरमई त्यांच्या मागे. म्हणून दसऱ्याच्या आसपास १० किंवा १५ नंबरच लावावा. नोव्हेंबरात किनाऱ्याचा प्रवाह दिशा बदलतो, पाणी ढवळून निवळतं, मासळी खाली पसरते. २० ची पाळी तेव्हा येते, ८ ते १२ वाव पाण्यात, खडपांच्या कडेने.

छापलेली खोली मात्र आपोआप मिळत नाही. जाड नायलॉन दोरी पाण्याला जास्त अडते आणि लुअर वरच राहतो. ५० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली बारीक दोरी), पुढे ८० पौंडांचा दोन मीटर लीडर (लुअरआधीचा मजबूत दोरीचा तुकडा) आणि शेवटी ३० ते ४० सेंमी तार, एवढं पुरतं. तार नसेल तर सुरमई दोरी कात्रीसारखी कापते. तार लांबवली तर लुअरची हालचाल मरते. बोटीमागे २५ ते ३० मीटर दोरी, वेग ५ ते ६ नॉट. कंपनी १३ नॉटपर्यंतचा दावा करते, पण ९.९ अश्वशक्तीच्या आउटबोर्डवर चार माणसं बसलेल्या फायबर होडीला तो आकडा गैरलागू. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) चार किलोच्या आसपास. सुरमईची पहिली धाव लांब असते, ड्रॅग आवळला तर गळ तोंड फाडून निघतो.

दोन दोऱ्या सोडायच्या तर खोल जाणारा लुअर जवळ आणि उथळ लांब. उलट केलं की पहिल्याच वळणावर गुंता. वळण मात्र घ्यावंच: आतल्या बाजूचा लुअर मंदावतो, बाहेरचा वेग घेतो, आणि झडप बऱ्याचदा तेवढ्यातच पडते.

लुअर पाण्यात टाकल्यावर आधी बोटीशेजारी दोन मिनिटं ओढून पाहावा. एका बाजूला पळत असेल तर नाक आपल्याकडे करून धरायचा आणि तो उजवीकडे जात असेल तर दोरी बांधायची कडी पक्कडीने किंचित डावीकडे वाकवायची. किंचितच. मासा लागून गेल्यावर ही तपासणी पुन्हा करावी, कारण कडी तेव्हाच वाकते. सरळ चालणाऱ्या लुअरने काठीचं टोक एकसारखं थरथरतं; थरथर थांबली म्हणजे लुअरला खाली नेणाऱ्या पुढच्या पातीला काहीतरी अडकलं. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी गवत, प्लास्टिक आणि जेलीफिश इतके असतात की दर दहा मिनिटांनी दोरी ओढावी लागते. अशा पाण्यात हा लुअर वाया जातो, बाहेर निघावं.

रंगावर फार पैसे घालवू नयेत. निवळ पाण्यात निळा-चंदेरी, गढुळात भडक, एवढे दोन बस्स.

वेळ महत्त्वाची. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो आणि किनाऱ्याजवळ पाणी गप्प असतं. दुपारी वायव्येचा वारा उठला की लाटेवर होडी उसळते, दोरी ढिली-ताठ होते आणि २० नंबर एका खोलीवर टिकत नाही. अकरापर्यंत काम उरकावं. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असताना) पाणी कमी गढुळतं, हेही तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारूनच तारीख ठरवा. तरंगत्या जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळसा. ट्रेबल (तीन टोकांचा) गळ जाळ्यात गेला तर लुअर जातोच, शिवाय कोळ्याचं जाळं फाटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सागरी अभयारण्याचा गाभा (१९८७ पासून संरक्षित) ट्रोलिंगसाठी नाही.

घेणाऱ्याने १५ आणि २० असा एकेक घ्यावा. ३० नंबर कोकणातल्या छोट्या होडीसाठी आम्ही सुचवत नाही: तो पाण्याला इतका अडतो की हलकी काठी कायम वाकलेली राहते आणि दोन-अडीच किलोची सुरमई लागली तरी कळत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर गळाच्या कड्या आधी गंजतात आणि पुढच्या फेरीला मासा त्यांच्यासकट जातो.