नैरोबी ते केप टाऊन: दोन महिने ट्रकमध्ये राहिल्यावर

आधीच सांगते, सिंह जवळून बघायचाय म्हणून ट्रकची सहल (दिवसा ट्रकमधून प्रवास, रात्री तंबूत मुक्काम) घेणार असाल तर घेऊ नका. टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात आणि न्गोरोंगोरोच्या विवरात आमचा ट्रक गेलाच नाही. तो आरुशाला ठेवला आणि आम्हा बावीस जणांना लँड क्रूझरमध्ये बसवलं. त्याचे पैसे वेगळे, आणि हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होतं.

ट्रक म्हणजे बिऱ्हाड. कडेचं झाकण वर केलं की ओटा, शेगड्या, भांडी. एसी नाही, खिडक्या उघड्या. पण बैठक उंच, त्यामुळे मिकुमीचं जंगल चिरत जाणाऱ्या महामार्गावर हत्ती आणि जिराफ फुकटात दिसले. स्वयंपाकाच्या पाळ्या असतात. भांडी पुसायला फडकं मिळत नाही, जंतू पसरतात म्हणून. ताटल्या हवेत हलवून वाळवायच्या. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, आरतीच चाललीय. हिंग-मसाले डब्यांतून न्या, कारण कॅरी बॅगवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. गडद निळे कपडेही घरीच ठेवा, चावणाऱ्या त्से त्से माश्या त्या रंगावर तुटून पडतात. (स्वाहिलीत गाडीला 'गारी' म्हणतात, तेवढ्यावर माझं बरंच निभावलं.)

खरी मजा मुक्कामांची. झांबियात, लुआंग्वा नदीकाठी, रात्री दोनला तंबूला लागूनच कचाकचा गवत ओरबाडल्याचा आवाज आला. झोपेत वाटलं, कुणाची तरी म्हैस सुटलीय. जाळीतून पाहिलं तर पाणघोडा. अंधारात तंबूबाहेर पडायचं नाही हा नियम, आणि झोपण्यापूर्वी मी दोन कप चहा प्यालेली! तो हलेपर्यंतचा तास अजून आठवतो.

बोट्सवानात लाळ्या-खुरकुताच्या भीतीने नाक्यावर सगळ्यांना उतरवतात, बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात आणि कच्चं मांस काढून घेतात. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी माझी होती, सगळ्यांनी निमूट वरणभात खाल्ला.

नामिबियाचे खडीचे रस्ते मात्र हाडं खिळखिळी करतात. तंबूची चेन पाचव्या आठवड्यात गेली, ती शेवटपर्यंत सेफ्टी पिनांवर चालवली. पण इटोशा अभयारण्यातल्या ओकाउकुएयोच्या मुक्कामी रात्रभर दिवे असलेला पाणवठा तंबूपासून चालत पाच मिनिटांवर आहे. काळा गेंडा मी तिथे पाहिला, दगडी भिंतीमागे बसून, अंगावर रजई घेऊन.

जागा निवडता आली तर मागच्या चाकांवरची सोडा.