लीडरशिप ट्रेनिंग केलं, ट्रेनर भारी, जेवण बेकार

कंपनीने पाठवलं म्हणून गेलो, नायतर शनिवारची सुट्टी कोण घालवतंय. नाव 'इन्क्लुझिव्ह लीडरशिप', म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं नेतृत्व, म्हटलं परत तेच, टाळ्या वाजवा, फुगे फोडा, ग्रुप फोटो काढा. पण ट्रेनर मॅडम तयारीच्या निघाल्या. सुरुवातच हॉस्पिटलपासून. एमी एडमंडसन, आता हार्वर्डला प्रोफेसर आहेत, त्यांचा १९९६ चा अभ्यास. चांगल्या नर्सिंग टीममध्ये औषधांच्या चुका कमी निघायला हव्यात ना, तर नोंदी उलट जास्त! कारण तिथे चूक झाली की लोक सांगत होते आणि बाकीकडे गपचूप दाबत होते. मला लगेच आमच्या कारखान्यातल्या लाईनवरचा 'झीरो रिजेक्शन'चा, म्हणजे एकही पीस बाद नाही असा, बोर्ड आठवला आणि खरं सांगतो, पोटात गोळाच आला.

मग २००६ चा अभ्यास, नवजात बाळांच्या २३ आयसीयूंचा. जिथे डॉक्टर स्वतःहून नर्सला 'तुम्हाला काय वाटतं' विचारत होते तिथे टीमला बोलायची भीती कमी होती आणि सुधारणेच्या कामात लोक जास्त उतरत होते. कुठली टीम चांगली चालते हे बघायला गूगलने स्वतःच्या १८० टीमचा अभ्यास केला होता, तो मात्र जेवायच्या आधी घाईघाईत उरकला.

होमवर्क एकच, मीटिंगमध्ये साहेबाने शेवटी बोलायचं. सोमवारी केलं. दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज, मला तर घाम फुटला, मग कॉन्ट्रॅक्टवरचा एक पोरगा हळूच म्हणाला, सर लंचनंतर मशीनवर पीस पकडणारा क्लॅम्प ढिला पडतो, आम्ही पुठ्ठा लावून चालवतो. पुठ्ठा!! तीन महिने आम्ही मटेरियलला शिव्या घालत होतो, सप्लायरला मेलवर मेल. 'आधी का नाही सांगितलंस' अगदी जिभेवर आलं होतं पण गिळलं, कारण मॅडमनी तेवढं एक वाक्य बोलू नका म्हणून बजावलं होतं. मेंटेनन्सने दुपारपर्यंत क्लॅम्प बदलला.

आता तक्रार. स्लाईड इंग्रजीत, फीडबॅक फॉर्म इंग्रजीत, हॉलमध्ये सगळे इंजिनियर नायतर मॅनेजर, ऑपरेटर एक पण नाही, आणि विषय काय तर सगळ्यांना सामावून घ्या! फॉर्मवर मराठीतच लिहून आलो हे. पनीर वातड होतं आणि एसी एवढा की रुमाल डोक्याला बांधून बसलो.

साडेतीन स्टार. मराठीत बॅच काढली तर पुठ्ठेवाल्या पोराला पाठवतो, तेव्हा बाकीचा दीड देईन.