बर्डीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि एक ॲडमिरल

नागपूरच्या बर्डीवर जुनी पुस्तकं म्हणजे बहुतेक एमपीएससीचे गठ्ठे आणि इंजिनिअरिंगची गाइडं. मेन रोडमागच्या गल्लीतल्या या दुकानात युद्धाच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा आहे. मालकाला गिऱ्हाइकाची आवड लक्षात राहते. "काका, तुमच्या कामाची चीज आली ना!" म्हणत त्यानं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा भूमध्य समुद्रातला ताफा सांभाळणाऱ्या ॲडमिरल अँड्र्यू कनिंगहॅमचं इंग्रजी आत्मचरित्र पुढं केलं. सांगितले साडेचारशे, दिलं साडेतीनशेला.

लोक हे पुस्तक मॅटापानसाठी, म्हणजे ग्रीसजवळच्या आरमारी लढाईसाठी घेतात. प्रसंग आहेच तसा: २७ मार्च १९४१ च्या संध्याकाळी हा गडी गोल्फचं सामान घेऊन अलेक्झांड्रियात किनाऱ्यावर उतरला, ताफ्यावर नजर ठेवणाऱ्या जपानी कौन्सुलाला वाटावं की साहेब आज मुक्कामी आहेत. अंधार पडताच आपल्या 'वॉरस्पाइट' युद्धनौकेवर परत आणि ताफा बाहेर! दुसऱ्या रात्री इटलीच्या तीन जड क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या.

पण मी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये जन्म काढलेला माणूस. मला भावला तो 'स्कॉर्पियन'चा काळ. १९११ ते १९१८, एकाच विनाशिकेचा कप्तान! आमच्याकडे साहेब डिव्हिजन ओळखू लागला की बदली. डार्डानेल्समध्ये, भूमध्य समुद्रात त्यानं त्या छोट्या जहाजावर जे हाताखालून घातलं, त्याचं व्याज दुसऱ्या महायुद्धात मिळालं. फ्रान्स शरण गेल्यावर जहाजं जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून जुलै १९४० मध्ये अल्जीरियातल्या ओरानजवळ ब्रिटिशांनी फ्रेंच ताफ्यावर तोफा डागल्या, तेराशेच्या आसपास खलाशी गेले. अलेक्झांड्रियात मात्र यानं लंडनची घाई अंगावर घेत तिथल्या फ्रेंच ताफ्याच्या ॲडमिरल गोडफ्रॉयशी बोलणी लांबवली आणि गोळी न झाडता फ्रेंच जहाजं निकामी करून घेतली. माझ्या मते मॅटापानपेक्षा हे मोठं काम. १९४३ नंतरचा, नौदलप्रमुख म्हणून लंडनच्या ऑफिसातला भाग मी भराभर उलटला.

आता दुकानाचं. शेवटची सूची फाटलेली होती, ते घरी कळलं. फोन केला तर मालकानं पन्नास रुपये परत पाठवले, कुरकुर नाही. पक्कं बिल मिळत नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक पोरगा स्टुलावर चढून काढून देतो, पण धूळ झटकत नाही, दमेकऱ्यांनी रुमाल ठेवावा. जायचं तर दुपारी जा. संध्याकाळी बर्डीवर गाडी लावायला जागा सापडत नाही.