बिबड्यांशेजारी वाळलेलं स्पिटफायर

मुलगी इंग्लंडात लिंकनला असते. एप्रिलात घरच्या लग्नाला भुसावळला आली तेव्हा भाच्यासाठी, म्हणजे माझ्या नातवासाठी, एक खोकं घेऊन आली. आत स्पिटफायर लढाऊ विमान, बहात्तरपट लहान, प्लास्टिकचं, सुट्या भागांतून आपण जोडायचं. किंमत आपल्या दीड हजार रुपयांच्या आत. असले संच बऱ्याच कंपन्या काढतात नि जोडायची रीत साधारण सारखीच असते. मेच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते जोडलं. कुणाला घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आधी हेच विमान का, ते सांगतो. लिंकनपासून जवळ कोनिंग्जबी नावाचा हवाईतळ आहे. १९४० च्या जुलै ते ऑक्टोबरात ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तिच्या आठवणीसाठी त्यांच्या हवाईदलानं १९५७ पासून एक खास तुकडी ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर विमानं ती अजून उडवते. मुलगी तिथलं हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, पाहून आली नि रात्री फोनवर म्हणाली, "पप्पा, तुमच्या कारखान्यासारखाच वास येतो हो, तेलाचा." मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होतो. त्या वाक्यानंतर मला झोप लागली नाही.

तिनं तिथल्या एका विमानाची हकीकत सांगितली. नंबर पी ७३५०. १९४० सालचं, त्या लढाईत खरंच लढलेलं. २५ ऑक्टोबरला जर्मन विमानानं त्याच्या डाव्या पंखाला भोक पाडलं. आतला पोलिश वैमानिक जखमी झाला, तरी त्यानं ते हेस्टिंग्ज गावाजवळ शेतात पोटावर उतरवलं. युद्धानंतर ते २५ पौंडांना भंगारात गेलं होतं! भंगारवाल्यानं त्याची किंमत ओळखली नि हवाईदलाच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. १९६८ साली ते पुन्हा उडालं. पंखावरची ठिगळं आजही दिसतात. कंडेम झालेलं, म्हणजे मोडीत काढलेलं, रेल्वेचं इंजिन यार्डात उभं राहिलं की आम्हा फिटर लोकांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून या गोष्टीत जीव अडकला.

आता खोक्याबद्दल. भाग चौकटीत अडकवलेले असतात. ते ओढून तोडू नका, नेलकटरनं कापा नि कडेला राहिलेला बर, म्हणजे खरखरीत उंचवटा, बारीक पॉलिश पेपरनं काढा. आमच्या संचाचं फिटिंग चांगलं निघालं. धडाचे दोन अर्धे तर असे बसले की नखाला फट लागली नाही. पंख जरा वर उचललेले असतात. गोंद वाळेपर्यंत दोन्ही टोकांखाली काड्यापेट्या ठेवल्या नि कोन बरोबर आला. पंख पसरून विमान साडेपंधरा सेंटिमीटर होतं.

पंख उलटे केल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, हे चुकलंय. एका बाजूला मोठा डबा, दुसऱ्या बाजूला छोटा." चुकलेलं नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरला उजव्या पंखाखाली इंजिनाच्या पाण्याचा रेडिएटर नि डाव्याखाली तेल थंड करायचा छोटा कूलर होता. २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन थंड ठेवायला दोन्ही लागत. पंखांच्या पुढच्या कडेला आठ मशीनगनांची तोंडं आहेत. त्यांवर धूळ-ओल जाऊ नये म्हणून तळावरची माणसं कापडाची लाल चकती चिकटवत. विमान परतल्यावर चकत्या शाबूत दिसल्या की गोळीबार झालेला नाही, हे खालूनच कळायचं. आणि तळावरच्या त्या माणसांत इंजिन बघणाऱ्याला म्हणत फिटर. तोच शब्द, तेच काम.

तक्रारी दोन. गोंदाची ट्यूब वाटेतच थोडी गळली होती. आणि रंग आपल्या उन्हाळ्यासाठी नाहीत. पारा पंचेचाळीसवर, त्यात वर पंखा. कुंचल्यावरच रंग वाळून दोऱ्या सुटायला लागल्या. मग सकाळी सहाला बसायचं ठरवलं, थेंबभर पाणी मिसळलं, पंखा बंद. तेव्हा कुठे हिरवा नि मातकट रंग नीट पसरला. गच्चीवर सूनबाईनं बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले होते, त्यांच्याशेजारी सावलीत विमान वाळलं. माझी आई अमळनेरकडची, वय अठ्ठ्याऐंशी. ती वर आली नि विचारते, "हाई काय शे?" नातवानं तिला रेडिएटरपासून सगळं समजावून सांगितलं.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच संचातल्या गोंदानं चिकटवू नका, पांढरी धुरकट होते. तिथं फेविकॉल लावा. चाकांचे पाय फार नाजूक आहेत. आमचा एक मोडला, परत जोडला. आठ वर्षांखालच्या मुलाला एकट्याला हे देऊ नये. मोठं कुणी शेजारी बसणार असेल तर मात्र जरूर घ्या. आम्हाला चार सकाळी लागल्या नि त्या चार दिवसांत नातवानं मोबाईल मागितला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही खोक्यात नसलेलं एक काम केलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद ज्वारीच्या दाण्याएवढा कापला, डाव्या पंखावर चिकटवला, वर रंग दिला. चिमट्यानं नातवानंच बसवला. डावा म्हणजे कुणाचा डावा, यावर तो अडला. मग खुर्चीत ताठ बसला, दोन्ही हात पसरले, डावा हात हलवून पाहिला नि म्हणाला, "आजोबा, इथं."